पुढे चाल

साबीरभाईंनी पेढ्यांच्या जुन्या डब्यात हात घातला, तळाशी फिरवला आणि चिठ्ठी बाहेर काढली. चिठ्ठी म्हणजे पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा, वर्षानुवर्षं हाताळून कडा काळ्या पडलेला. त्याआधी निघालेली चिठ्ठी आंबोलीची होती, म्हणजे पौडजवळच्या त्यांच्याच कॉलेजची. आता आंबोलीसमोर कोण खेळणार ते ठरायचं होतं. त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

"वाचा की साबीरभाई," पंच हैबतराव म्हणाले.

साबीरभाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवून दिली. हैबतरावांनी मान वाकडी करून बघितलं. चिठ्ठीवर साबीरभाईंच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, डोंगर.

डोंगर म्हणजे मुठा नदीच्या वरच्या अंगाला, डोंगर पोखरून उभं राहिलेलं खासगी विद्यापीठ. नाव लांबलचक आणि इंग्रजी, खालच्या गावांनी ते कधी तोंडात घेतलंच नाही. कॉलेज स्पर्धेच्या या विभागातल्या आठ फुटबॉल संघांत सगळ्यांत तालेवार संघ त्यांचा. आणि यंदा ते विभाग सोडून गेले होते. देशभरातल्या बड्या विद्यापीठांची नवी लीग निघाली होती, तिच्यात. तिथे म्हणे सामने गुरुवारी संध्याकाळी, दिव्यांच्या झोतात, मोबाइलवर थेट दिसणार. इंदूरला विमानानं, जयपूरला विमानानं. जाणाऱ्याला कोण अडवणार? पण जाताना ते बरंच काही घेऊन गेले. विभागाचा निम्मा खर्च तेच उचलत. रुग्णवाहिका त्यांची, गोलच्या जाळ्या त्यांच्या, पंचांचं जेवणसुद्धा त्यांचं. मागे उरलेल्या सात कॉलेजांत मिळून धड चार बॉल नव्हते. शिवाय पुढल्या वर्षी या सातांना उचलून शहराच्या विभागात टाकायचं घाटत होतं. म्हणजे सकाळी सातला हडपसरच्या मैदानावर हजर व्हा. पौडहून पहिली बस धरली तरी तिथं पोचायला नऊ वाजतात, हे कागदावर रेघा मारणाऱ्यांना कोण सांगणार?

तर आज डब्यात सात चिठ्ठ्या नावांच्या आणि आठवी कोरी असायला हवी होती. कोरी ज्याच्या वाट्याला येईल त्याच्यासमोर कुणी नाही, त्याला पुढे चाल. समोर संघच नसला की न खेळता पुढच्या फेरीत जायचं, त्याला खेळातली माणसं पुढे चाल म्हणतात.

कोरी चिठ्ठी साबीरभाईंनी सकाळीच कापून ठेवली होती. पण आंबोली आणि डोंगर या दोन चिठ्ठ्या गेली कित्येक वर्षं डब्यात पडल्याच नव्हत्या. त्या दोघांचा सामना दर साली नऊ डिसेंबरला, ठरलेलाच. दोन्ही चिठ्ठ्यांना रबर लावून त्या बाजूला ठेवायच्या आणि बाकीच्या सहांच्या जोड्या पाडायच्या, असा रिवाज. आज रबर काढायला गेले तर ते वाळून तुटलं, आणि हाताच्या सवयीनं दोन्ही चिठ्ठ्या जोडीनंच डब्यात गेल्या. कोरी बिचारी पेपरवेटखाली राहिली. वीस वर्षं विभागाची वेळापत्रकं करणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झाली.

"गेलं तरी मानगूट सोडंना," हैबतराव हसून म्हणाले आणि लगेच पुढ्यातले कागद सारखे करू लागले. नऊ डिसेंबर म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक होतं.

गौतमी मॅडमना ते ऐकूनच माहीत. कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख म्हणून त्या दोन वर्षांपूर्वी आल्या, कामाच्या एकदम चोख. त्यांनी सरळ हिशोब मांडला. डोंगर नाही म्हणजे ती चिठ्ठी कोरीच धरायची. आंबोलीला पुढे चाल, पुढची जोडी काढा.

"त्यांचं पत्र आलंय का आपल्याकडं?" साबीरभाईंनी विचारलं.

पत्र आलं नव्हतं. पेपरात बातमी आली होती, फोनवर बोलणं झालं होतं, पण सही-शिक्क्याचं पत्र विभागाकडे कुणी धाडलंच नव्हतं. मोठ्या घरच्या माणसांना निरोप घ्यायचं सुचत नाही ते असं. साबीरभाईंनी कपाटातून नियमांची वही काढली आणि अकरावा नियम वाचून दाखवला. लेखी माघार नसेल तर सामना लागलेला समजावा. हजर संघानं गणवेशात मैदानावर उभं राहावं, पंचांनी पंधरा मिनिटं वाट पाहावी, त्यानंतरच पुढे चाल द्यावी.

गौतमी मॅडम वैतागल्या. मैदान आखायचं, पंच बोलवायचे, पोरांचे तास बुडवायचे, आणि हे सगळं न येणाऱ्यांसाठी? त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. साबीरभाई म्हणाले, "आखणी मी करतो, मॅडम. नऊ तारीख, सकाळी दहा."

त्यांच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. सूर्य एखादे दिवशी उशिरा उगवेल, पण साबीरभाईंची वेळ हलायची नाही, असं विभागात गमतीनं म्हणत. लग्न असो, परीक्षा असो, आमदारांचा दौरा असो, एकदा लिहिलेली वेळ त्यांनी बदलली नव्हती. लोकांना वाटे, माणूस शिस्तीचा. शिस्त कसली! एकदाच बदलली होती त्यांनी वेळ, आणि तेवढी पुरे झाली.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, नऊ डिसेंबरचीच. सामना डोंगरावर होता, सकाळी दहाला. आदल्या दिवशी तिथून फोन आला की सकाळी मैदानावर कुणा पाहुण्यांचं हेलिकॉप्टर उतरायचंय, तेव्हा दुपारी साडेतीनला ठेवा. साबीरभाईंनी कुणाला विचारलं नाही. हो म्हणाले. पोरांना वाटलेल्या सामन्याच्या चिठ्ठ्या परत मागवल्या, दहा खोडून साडेतीन केलं आणि पुन्हा वाटल्या. दहा मिनिटांचं काम. सामना बरोबरीत सुटला, जादा वेळ झाला, मग पेनल्ट्या. आंबोलीच्या गोलमध्ये कैलास होता, गावातल्या सारजाबाईंचा एकुलता एक मुलगा. त्यानं शेवटची पेनल्टी उजवीकडं झेपावून अडवली आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आवराआवर होईतो दिवस मावळला. घाट उतरताना वळणावर एक डंपर बंद पडून उभा होता, मागचा दिवा नसलेला. कैलासची मोटारसायकल सगळ्यांच्या पुढं होती. सकाळी दहाचा सामना असता तर दुपारी जेवायला पोरगं घरात असतं.

हे कुणी कधी बोललं नाही. अपघात तो अपघात, डंपरवाल्यावर केस झाली, माणसं हळहळली. वेळ कुणी बदलली होती हे कुणाच्या ध्यानातसुद्धा राहिलं नाही. साबीरभाईंच्या राहिलं. घरी जस्मीनला, म्हणजे बायकोला, त्यांनी एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, तुम्ही काय मुद्दाम केलं का? त्या दिवसापासून त्यांनी तिलाही पुन्हा सांगितलं नाही.

पुढल्या साली डोंगरावरची पोरं आपणहून खाली आली. नऊ डिसेंबरला आंबोलीच्या मैदानावर सामना झाला. सारजाबाई पितळी तांब्या घेऊन आल्या आणि खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही कप्तानांना त्यांनी पाणी पाजलं. तेव्हापासून तो रिवाजच पडला. कैलासची म्याच, असंच गाव म्हणायचं. आठ दिवस आधी साबीरभाई खेळाडूंना देतात तशीच एक चिठ्ठी सारजाबाईंना द्यायचे. तारीख, वेळ, मैदान, विरुद्ध संघ. दरवर्षी ठरवून जायचे की यंदा सांगायचं. दरवर्षी चिठ्ठी देऊन परत यायचे. सामन्याच्या दिवशी त्या तांब्या त्यांच्याकडंही करायच्या, आणि ते म्हणायचे, आत्ताच चहा झाला वैनी. करोनाच्या साली तर सामनाच नव्हता. तरी त्या दिवशी दहा वाजता दोघं रिकाम्या मैदानाच्या दोन कडांना येऊन बसले होते, तोंडाला फडकी बांधून. तासाभरानं काही न बोलता आपापल्या घरी गेले.

आता विभागच मोडायला आला होता. पुढल्या वर्षी हडपसर. मग कसली नऊ तारीख आणि कसली चिठ्ठी? यंदा तोंड उघडलं नाही तर ते जन्मात उघडणार नाही, हे साबीरभाईंना पक्कं कळून चुकलं होतं.

एक तारखेला ते चिठ्ठी घेऊन निघाले. सारजाबाई गावाच्या टोकाला एका बंगल्याची देखभाल करत. पुण्याची मंडळी शनिवार-रविवार यायची, बाकी आठवडा त्या आणि झाडं. बंगल्याखालची जमीन एके काळी त्यांचीच. कैलास गेल्यावर नवऱ्यानं ती विकली आणि दोन वर्षांनी तोही गेला. स्वतःच्याच वावरात उभ्या राहिलेल्या परक्याच्या गुलाबांना त्या पाणी घालत होत्या.

"नऊच ना?" त्यांनी पाइप बाजूला धरत विचारलं.

"नऊच, वैनी. दहा वाजता."

"यिते."

चिठ्ठी साबीरभाईंच्या खिशात होती. तारीख, वेळ, मैदान सगळं लिहिलेलं. विरुद्ध संघाच्या रकान्यात काय लिहावं यावर रात्रभर विचार करून त्यांनी शेवटी नियमातला शब्द लिहिला होता, पुढे चाल. आता ती दिली तर बाई विचारतील, मंग म्याच न्हाईच की. आणि म्हणतील, मंग मी कशाला येऊ? हात खिशापर्यंत गेला आणि मागं आला. पाण्यानं पायाखालची माती चिखल झाली तरी ते उभेच होते. मग निघाले.

आठ तारखेला संध्याकाळी ते मैदानावर आले. चुन्याची आखणी केली, मधलं वर्तुळ काढलं, दोन्ही गोलांना जाळ्या बांधल्या. डोंगराच्या जाळ्या नव्हत्या म्हणून गौतमी मॅडमनी कुठूनशा भाज्यांच्या मांडवाच्या जाळ्या मिळवून आणल्या होत्या. स्वतः गाठी मारायलाही लागल्या. बडबड करत होत्या खऱ्या, पण गाठी घट्ट मारत होत्या.

नऊ तारखेला, दहाला पाच कमी असताना अकरा पोरं मैदानात उतरली. टेकडीची सावली अजून गवतावर होती, दव सुकलं नव्हतं. अलीकडच्या अर्ध्या भागात पोरांच्या पावलांनी दव तुडवलं गेलं. पलीकडचा अर्धा भाग पांढराफटक, जसा पहाटे होता तसाच. बॉल मधल्या ठिपक्यावर ठेवला होता.

हैबतरावांनी घड्याळ बघितलं आणि शिट्टी वाजवली.

सुरुवातीला पोरं हसली. एकानं समोरच्या रिकाम्या जागेला हात जोडून नमस्कार केला. कुणी म्हणालं, पास दे रे त्यांना, बिचारे थंडीनं काकडलेत. दोन-तीन मिनिटं तसं चाललं. मग ते हळूहळू ओसरलं. अकरा जणांनी नुसतं उभं राहायचं आणि समोर बघायचं, सोपं काम नाही ते. पलीकडच्या गोलची जाळी वाऱ्यानं फुगायची आणि बसायची. गोलरक्षक पोरगं सवयीनं टाळ्या वाजवून आपल्या माणसांना जागं करत होतं, तेही थांबलं. त्यातल्या एकानंही कैलासला पाहिलेलं नव्हतं. तो गेला तेव्हा ही पोरं चड्डीत शाळेला जात होती. तरी सगळे त्या रिकाम्या गोलकडंच बघत होते. साबीरभाईंना वाटलं, आता कुणीतरी उजवीकडं झेप घेईल.

सारजाबाई कडेला बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या. तांब्या घेऊन पहिल्यांदा आपल्या कप्तानाकडं गेल्या, त्याला पाणी दिलं. मग मधली रेघ ओलांडून पलीकडच्या अर्ध्यात शिरल्या. कुणी अडवलं नाही. दवावर त्यांच्या अनवाणी पावलांची एकच ओळ उमटत गेली, थेट गोलपर्यंत. तिथं त्या थोडा वेळ थांबल्या. खांबाला हात लावला. पाणी कुठं ओतलं-बितलं नाही, तोंडानं काही म्हणाल्या नाहीत. तशाच आपल्या पावलांवरून परत आल्या.

पंधरा मिनिटं झाली. हैबतरावांनी पुन्हा शिट्टी फुंकली आणि आंबोलीच्या दिशेनं हात करून जाहीर केलं, पुढे चाल. कुणी टाळी वाजवली नाही. गौतमी मॅडमनी पोरांना वडापाव खायला कँटीनकडं नेलं. हैबतराव बाकावर बसून पत्रक भरू लागले.

सारजाबाई साबीरभाईंसमोर आल्या आणि तांब्या पुढं केला.

"चा झाला आसंल तुमचा."

"नाही झाला," साबीरभाई म्हणाले. त्यांनी हात पुढं केला नाही. "वैनी, आधी ऐकून घ्या. मग द्यायचं तर द्या पाणी."

सारजाबाई थांबल्या.

"त्या सामन्याची वेळ दहाची होती. ती साडेतीनची मी केली. कुणाला विचारलं नाही. एक फोन आला आणि मी हो म्हणालो. दहालाच झाला असता तर..." पन्नाशी उलटलेला माणूस, भर मैदानात त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

सारजाबाईंनी त्यांना थोपटलं नाही की गप्प राहा म्हटलं नाही. तांब्या तेवढा खाली ठेवला.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या.

साबीरभाईंनी वर बघितलं.

"त्यानं चिट्टी घरी ठिवली व्हती. म्हनला, आई, उशीर हुईल, वाट बघू नगं. दहा खोडल्यालं, साडेतीन लिवल्यालं. पुढल्या साली तुमी चिट्टी घिऊन आला, आन मी दोनी शेजारी ठिवून बघितल्या. अक्षार तुमचंच."

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलायचं? सांगायचं तुमी व्हतं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि लगेच उतरला. "पयली दोन-तीन वर्सं लई शिव्या घातल्या तुमाला. घरात बसून. पानी द्यायची ते बी बघायला द्यायची, घेताय का न्हाई. तुमी घेत न्हवता. मंग मला कळलं, ह्यो बी झोपत न्हाई. मंग दमले मी. किती शिव्या घालायच्या एका मानसाला?"

पलीकडच्या गोलवर आता ऊन आलं होतं. दव विरत चाललं होतं आणि पावलांची ओळही. सारजाबाईंनी तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. साबीरभाई प्याले. उभ्यानं, घटाघटा, सदऱ्यावर सांडवत, तांब्या रिकामा होईपर्यंत.

"औंदा चिट्टी न्हाई दिली," त्या म्हणाल्या. "आणलीय का?"

साबीरभाईंनी खिशातून चिठ्ठी काढली. आठ दिवसांत ती घामानं मऊ पडली होती. सारजाबाईंना वाचता यायचं, पण बोट ठेवून, एकेक अक्षर. तारीख वाचली. वेळ वाचली, दहा, कुठं खाडाखोड नाही. मैदान वाचलं. मग बोट शेवटच्या रकान्यावर आलं आणि तिथं बराच वेळ राहिलं.

"पु... ढे... चा... ल," त्यांनी वाचलं. पुन्हा एकदा मनाशी वाचलं. "ह्ये कुनाला लिवलंय? मला का तुमाला?"

तो नियमातला शब्द आहे, समोर संघ नसला की लिहितात, असं साबीरभाई सांगणार होते. सांगितलं नाही.

सारजाबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. चिठ्ठीची पहिल्यासारखी घडी घातली आणि ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"आदल्या समद्या हायेत माज्यापाशी," त्या म्हणाल्या. "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

रिकामा तांब्या त्यांच्या हातून घेऊन त्या फाटकाकडं निघाल्या. मागून हैबतरावांनी पत्रकावर सहीसाठी हाक मारली. साबीरभाईंनी खिशावर हात ठेवला, एकवार पलीकडच्या गोलकडं बघून घेतलं, आणि चालू लागले.